हजेरीची ओळ

१८ मे २०२३
(अवयवदान समन्वय कार्यालयातल्या श्रीमती हासेबे यांच्यामार्फत)

ज्यांचं नाव मला माहीत नाही, त्या घरातल्या सर्वांना,

सादर नमस्कार.

हे पत्र मी सहाव्यांदा लिहिते आहे. आधीची पाच फाडली. पहिल्या पत्रात 'आभार' हा शब्द अकरा वेळा आला होता. माझ्या थोरल्या बहिणीने तो मोजला आणि म्हणाली, "हे पत्र आहे की दुकान उघडल्याची जाहिरात?"

हासेबेबाईंनी नियम सांगितले आहेत. नाव नाही, गाव नाही, रुग्णालय नाही. चुकून लिहिलंच, तर त्या काळ्या शाईने झाकतील. म्हणून एवढंच सांगते, की मी एकसष्ट वर्षांची, लग्न न केलेली बाई आहे. मुलींच्या मिशन शाळेत शिकले, तिथेच संगीत शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले. विधवा बहिणीबरोबर राहते. आमच्या खिडकीतून ■■■ चं बंदर दिसतं.

अकराव्या वर्षी मला मधुमेह झाला. शरीराने स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या पेशी मारून टाकल्या. तेव्हापासून पन्नास वर्षं, रोज चार सुया. शाळेत मार्गेरीत नावाच्या सिस्टर काचेची सिरिंज उकळून माझी वाट पाहत उभ्या असायच्या, आणि त्यांच्या झग्याच्या खिशात नेहमी चार-पाच खडीसाखरेचे दाणे असत, माझी साखर घसरली तर असावेत म्हणून. अलीकडे मात्र घसरण मला कळेनाशी झाली होती. पूर्वी हात थरथरायचे, घाम यायचा. ती सूचनाच बंद झाली. ट्राममध्ये उभ्या उभ्या कोसळले, एकदा चर्चच्या पायऱ्यांवर. बहीण दर दोन तासांनी मला हाक मारून बघायची.

फेब्रुवारीत डॉक्टरांनी माझ्या पोटाच्या कातडीखाली एक चपटी पिशवी बसवली. तळहाताच्या निम्मी असेल. तिच्यात तुमच्या घरातल्या माणसाच्या पेशी आहेत. डॉक्टर म्हणाले, तिचा पडदा आपल्या घरातल्या कागदी दारासारखा आहे, उजेड आत येतो, वारा येत नाही. साखर आत जाते, इन्शुलिन बाहेर येतं, पण माझ्या रक्तातले पहारेकरी आत शिरू शकत नाहीत. त्यामुळे पेशी परक्या असूनही प्रतिकारशक्ती दाबणारी ती जन्मभराची औषधं मला घ्यावी लागत नाहीत. "तुमच्या शरीराला तो आत आहे हेच माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "भाडेकरू समजा."

तो. हासेबेबाईंनी मला एवढंच सांगितलं होतं, की विशीतला पुरुष.

आता चारांवरून एका सुईवर आले आहे. तुमच्या दुःखाबद्दल काय लिहावं ते मला सहाव्या पत्रातही सुचलेलं नाही. क्षमा करा.

आपली,
एक घरमालकीण


४ जुलै २०२३

घरमालकीणबाई,

तुमचं पत्र माझ्या यजमानांनी तीन दिवस फुलदाणीखाली दडवून ठेवलं होतं. "वाचलंस तर रडशील." मी म्हटलं, "मग रडेन. त्याला तुमची परवानगी लागते का?"

मी त्याची आई. किमोनो शिवते, चाळीस वर्षं झाली. तो आमचा एकुलता एक, सत्तावीस वर्षांचा. मिठाईच्या जुन्या दुकानात आठ वर्षं कामाला होता. हो, मिठाईच्याच. वसंत जवळ आला की ते उगुइसु पक्ष्याच्या आकाराची मिठाई करतात ना, हिरव्या पिठात घोळवून, दोन्ही टोकं चिमटून? त्याची चोच नेहमी लांब व्हायची. मालक सगळ्यांसमोर म्हणायचे, "हा उगुइसु आहे की कावळा?" आणि हा म्हणायचा, "मालक, भूक लागलेला उगुइसु आहे." फेब्रुवारीत त्याच मोसमाची पहिली खेप करायला निघाला होता. रस्त्यावर बर्फ गोठला होता, स्कूटर घसरली. चार दिवस यंत्रावर होता. बाकीचं सगळं इतकं दुखावलं होतं, की पोटातलं तेवढंच वापरता आलं. तेवढंच, आणि तेही एकाच माणसाला. म्हणजे तुम्हाला.

जन्मभर साखर वाटणारा माझा मुलगा आता तुमच्या पोटात बसून साखर आवरतो आहे! तुमचं पत्र वाचताना मी मोठ्याने हसले, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. स्वयंपाकघरातून यजमानांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "त्याला नवी नोकरी लागली."

मग यजमानांनी चहा टाकला, तीन कपांचा.

माझ्या मुलाकडून भाडं काय घेता? वेळेवर देतो का? घरी कधी देत नव्हता.

भाडेकरूची आई


२५ सप्टेंबर २०२३

भाडेकरूच्या आईंना सादर नमस्कार.

तुमचा मुलगा भाडं अतिशय वेळेवर देतो. ऑगस्टपासून एकही सुई नाही. एकही नाही! पन्नास वर्षांनी सकाळी उठून मला आधी काय करायचं तेच कळेना. मी खिडकी उघडली.

परवा शरद संपाताचा दिवस होता. बहिणीने पूर्वजांसाठी ओहागी केले, भाताच्या गोळ्याला अझुकीच्या लाल दाण्यांचं गोड पुरण थापून. लहानपणापासून मी ते फक्त पानात वाढले आहेत, खाल्ले नाहीत. मी एक उचलला. बहीण ओरडली, "अगं, तो बाबांच्या फोटोपुढचा आहे!" मी म्हटलं, "बाबांना सांग, मी पन्नास वर्षं थांबले, त्यांनी पाच मिनिटं थांबावं." अर्धा खाल्ला. बहीण हातात साखर मोजायचं यंत्र घेऊन समोर बसली होती, जणू मी चोर आणि ती पोलीस. दोन तासांनी मोजली. एकशे अठरा. तिने आकडा पाहिला आणि उरलेला अर्धा माझ्या ताटलीत ठेवला.

पुरणात तिने मीठ किंचित जास्त घातलं होतं. तुमच्या मुलाने तिला नक्की सुनावलं असतं.

आमच्या शाळेत सिस्टर रोज सकाळी हजेरी घ्यायच्या, आणि पुढे सदतीस वर्षं मीही घेतली. सवय जात नाही. आता रोज सकाळी मी पोटावर हात ठेवून त्याची हजेरी घेते. वेडेपणा वाटेल तुम्हाला. पण तो रोज असतो.

हजेरी: हजर.

आपली घरमालकीण


२८ नोव्हेंबर २०२३

घरमालकीणबाई,

तुमची शेवटची ओळ मी कापून घेतली आणि शिवणाच्या डब्याच्या झाकणात चिकटवली. एक मागणं आहे. दर पत्रात ती ओळ लिहाल का? बाकी काही नाही लिहिलंत तरी चालेल.

कारण सांगते. त्याच्या अस्थींचा कलश घराण्याच्या थडग्यात न ठेवता मी अजून घरातच ठेवला आहे. एकोणपन्नासावा दिवस झाला, शंभरावा झाला, ऑगस्टमध्ये पितर घरी येतात तो सणही झाला. भटजींनी हळूच विचारलं, नणंदेने जोरात विचारलं. यजमान रोज नुसते बघतात. मागच्या आठवड्यात म्हणाले, "त्याला थंडी वाजत असेल गं त्या कपाटावर. दगडाखाली आजोबा आहेत सोबतीला." मी म्हटलं, "सगळा गेला असता तर ठेवला असता. अजून सगळा गेलेला नाही. माझा मुलगा थोडासा कामावर आहे. कामावर असलेल्या माणसाला कोणी पुरतं का?"

ते निघून गेले, अंगणातला बर्फ काढायला. बर्फ पडलाच नव्हता.

तो तिथे आहे तोवर कलश इथे राहील. असं मी ठरवलं आहे, आणि हे तुमच्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही.

आम्ही सुतकात आहोत. नववर्षाच्या शुभेच्छा यंदा देता येणार नाहीत, कृपा करून आपणही पाठवू नये. रीत म्हणून लिहिलं.

भाडेकरूची आई


१२ जानेवारी २०२४

सादर नमस्कार.

रीतीप्रमाणे सात तारीख उलटून गेल्यावर, सुतकात नववर्षाच्या कार्डाऐवजी पाठवतात ते थंडीची विचारपूस करणारं साधं पत्र पाठवते आहे. प्रकृतीला जपा.

एक गोष्ट सांगू का? यंदा मीही कोणाला नववर्षाचं कार्ड पाठवलं नाही. डिसेंबरात सगळ्यांना सुतकाची पत्रं टाकली. बहीण चिडली. "आपल्या घरात कोण मेलं?" मी पोटावर हात ठेवला. ती म्हणाली, "तो तर जिवंत आहे म्हणतेस रोज!" मी म्हटलं, "ताई, दोन्ही खरं आहे." ती बराच वेळ कागदी दाराकडे पाहत बसली आणि मग स्वतःची कार्डंही तिने खणात ठेवून दिली.

कलशाबद्दल सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. तुम्ही मागितलेली ओळ मात्र मी जिवंत असेपर्यंत लिहीन.

हजेरी: हजर.

घरमालकीण


२० फेब्रुवारी २०२४

घरमालकीणबाई,

वर्षश्राद्ध झालं. दुकानाच्या मालकांनी स्वतः केलेले उगुइसु आणले, वीस. त्यातल्या एकाची चोच मुद्दाम लांब केली होती. मला दाखवून त्यांनी तो त्याच्या फोटोपुढे ठेवला.

आता सुतक फिटलं. म्हणून आणखी एक मागणं. पुढच्या नववर्षाला मला खरंखुरं कार्ड पाठवा. लाल शिक्का, सोनेरी कड, 'अभिनंदन' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, सगळं. त्याला फार आवडायचं. एक तारखेला पोस्टमनच्या आधी हा फाटकात उभा, आणि माझीही कार्डं वाचून काढायचा. तुमचं आलं की मी ते त्याच्या फोटोपुढे ठेवीन. म्हणेन, बघ, तुझ्या घरमालकिणीचं आलंय.

आई


९ जून २०२४

सादर नमस्कार.

लाल शिक्का नक्की. आतापासूनच ठसा कोरायला घेतला आहे, रताळ्याचा. पाकळ्या नीट येत नाहीत.

इथे पाऊस लागला आहे आणि शाळेच्या आवारातल्या निळ्या फुलांना बहर आहे. सिस्टर मार्गेरीत त्यांच्यापाशी आम्हाला उभं करून गाणं म्हणायला लावायच्या, पाऊस असला तरीही. "फुलं भिजतात, तुम्ही का नाही?" म्हणायच्या.

हजेरी: हजर. आज जरासा उशिरा आला.

घरमालकीण


१ जुलै २०२४

घरमालकीणबाई,

उशिरा म्हणजे किती उशिरा?

असं लिहू नका हो. दोन दिवस मला सुईत दोरा ओवता आला नाही. एका नवरीचा किमोनो घेतला आहे, त्याची बाही उलटी जोडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. यजमान म्हणाले, "म्हातारी झालीस." मी त्यांना तुमचं पत्र दाखवलं नाही.

तो शाळेतसुद्धा कधी उशिरा गेला नाही. तुम्ही गंमत केलीत ना?

लगेच कळवा.

आई


३० सप्टेंबर २०२४

श्रीमती हासेबे यांस,

हे पत्र तुमच्यासाठी आहे, पुढे पाठवण्यासाठी नाही.

तुम्हाला रुग्णालयाकडून कळलंच असेल. सतरा तारखेला माझी पिशवी काढली. एप्रिलपासून साखर चढत होती. आधी एक सुई, मग दोन, आता पुन्हा चार. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पडदा फाटला नाही, माझे पहारेकरी आत शिरले नाहीत. तसं काही झालं नाही. माझ्याच मांसाने पिशवीभोवती बाहेरून जाड साल धरलं. आत प्राणवायू पोहोचेना. पेशी उपाशी राहिल्या आणि गुदमरल्या. "कोणाचाही दोष नाही," ते म्हणाले, "शरीराला परकी वस्तू दिसली की ते तिला गुंडाळून टाकतं. आम्ही यातून शिकू." ते भले आहेत. पण हासेबेबाई, माझ्या शरीराला त्याला मारता आलं नाही, म्हणून त्याने त्याला मिठी मारून संपवलं. हे मी त्याच्या आईला कोणत्या शब्दांत लिहू?

मी डॉक्टरांना विचारलं, ती पिशवी मला मिळेल का. म्हणाले, तपासणीसाठी कापली आहे.

जुलैच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही. सोबत बंद नसलेलं एक पत्र जोडते आहे. ते खोटं आहे. ते पाठवावं की नाही, हे ठरवायचं बळ माझ्यात नाही. मुलाचा कलश तिने अजून घरात ठेवला आहे. मी 'गैरहजर' लिहिलं, तर तिचा मुलगा दुसऱ्यांदा मरेल, आणि या वेळी बातमी देणारी मी असेन.

आपली


४ ऑक्टोबर २०२४

सादर नमस्कार.

पत्र मिळालं. पिशवीबद्दल मनापासून वाईट वाटलं.

नावं आणि गावं झाकणं हे माझं काम. पत्रातलं खरं-खोटं तपासावं, असं माझ्या नियमपुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. मी काल ते पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचलं. त्या घराने विचारलं तरच प्रकृती कळवायची, असा नियम आहे. त्यांनी मला विचारलेलं नाही. त्या तुम्हाला विचारतात.

म्हणून तुमचं पत्र आज पुढे पाठवते आहे. एवढंच सांगते, की बावीस वर्षं मी लोकांची पत्रं वाचते आहे. आया फार सावकाश वाचतात.

तुम्ही एकट्या ट्रामने फिरू नका. बहिणीला सोबत न्या.

हासेबे


(४ ऑक्टोबरला पुढे पाठवलेलं पत्र)

सादर नमस्कार.

उत्तराला फार उशीर झाला. क्षमा करा. जूनमध्ये मी गंमत केली होती. फार वाईट गंमत होती.

इथे उन्हाळा लांबला, पण आता टेकडीवरच्या जिन्याकडेची पानं रंगायला लागली आहेत. मेपल आधी लाल होत नाही, आधी कडेने पिवळट होतो, मग देठाकडून लाली चढते, हे मला या वयात कळलं. जिंकोची पानं अजून हिरवी आहेत. शाळेच्या दारात जिंकोची तीन झाडं होती. एका वर्षी वादळात मधलं पडलं, आणि सिस्टरनी आम्हा सगळ्या मुलींना ओळीने त्याच्यापाशी नेऊन नमस्कार करायला लावला. पानं गोळा करून आम्ही पुस्तकात ठेवायचो. माझ्या जुन्या गाण्यांच्या वहीत अजून सात आहेत. त्यांचा पिवळा रंग गेला नाही. कागदापेक्षा पातळ झाली आहेत, पण पिवळी आहेत. बहीण म्हणते, फेकून दे, किडे होतील.

थंडी सुरू होईल आता तुमच्याकडे. जपा.

हजेरी: हजर.

घरमालकीण


१ डिसेंबर २०२४

घरमालकीणबाई,

जिवात जीव आला. खरंच आला. नवरीचा किमोनो पुरा झाला, बाह्या सुलट.

कलशाबाबत यजमानांचा आणि माझा तह झाला आहे. ते म्हणाले, "वसंतात बघू." मी म्हटलं, "घरमालकिणीचं नववर्षाचं कार्ड येऊ द्या, मग बोलू." त्यांनाही आता तुमच्या कार्डाचं कुतूहल आहे. काल मला म्हणाले, "संगीत शिकवणारी बाई म्हणजे अक्षर चांगलं असेल." पहिलं सोडलं तर दीड वर्ष मी तुमची पत्रं त्यांना दाखवली नाहीत, ती हे गृहस्थ माझ्यामागे वाचत होते, हे मला काल कळलं!

फोटोपुढे जागा करून ठेवली आहे.

आई


१३ जानेवारी २०२५

थंडीच्या दिवसांत आपली प्रकृती कशी आहे, ही विचारपूस. इकडे यंदा थंडी फार आहे.
आपण सर्वांनी जपून राहावं, ही प्रार्थना.


१० फेब्रुवारी २०२५

घरमालकीणबाई,

एक तारखेला यजमान फाटकात जाऊन उभे राहिले, त्याच्यासारखे. दोन तारखेलाही. तीन तारखेला म्हणाले, "त्या कार्यालयाला सुट्टी असेल." सात तारीख गेली. मग सोळाला तुमचं कार्ड आलं. पांढरं. त्यावर लाल शिक्का नव्हता, 'अभिनंदन' नव्हतं. थंडीची विचारपूस होती.

मी ते यजमानांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि ते उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "यांच्याकडे कोण गेलं?"

मी फोटोपुढे केलेल्या जागेकडे बोट दाखवलं. मग त्यांना कळलं.

तुमच्या हातून खोटं पत्र लिहून झालं, पण सुतकात 'अभिनंदन' लिहायला हात धजला नाही, नाही का? माझाही धजला नसता. आपल्याकडे कोणाचाच धजत नाही. त्या दोन ओळींत तुम्ही मला सगळं सांगितलंत आणि तुम्हाला वाटत असेल, की काहीच सांगितलं नाही.

राग आला का? आला. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ऑक्टोबरचं पत्र पुन्हा काढलं. पानांबद्दल इतकं, आणि त्याच्याबद्दल एकच शब्द. मी शिवणारी बाई आहे, टाका कुठे ओढून धरलाय हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. दिसलंही असेल. मी बघितलं नाही.

कारण विचारत नाही. पण तुम्ही स्वतःला बोल लावून घेणाऱ्या दिसता, म्हणून लिहिते. दोन वेगळी कापडं जोडली, रेशीम आणि त्याच्या आतलं अस्तर, की कितीही जपा, कधीतरी एक दुसऱ्याला आवळतं. त्यात कापडाचा गुन्हा नसतो. दीड वर्ष ती एकत्र राहिली, हेच आमच्या धंद्यात उत्तम काम मानतात.

परवा आठ तारखेला सुयांचं श्राद्ध होतं. वर्षभरात मोडलेल्या सुया आम्ही देवळात नेऊन टोफूच्या वडीत खोचतो. कठीण कापडात घुसून थकलेल्यांना शेवटी एक मऊ जागा. तुम्ही पुन्हा सुयांवर आला असाल, हे मला तेव्हा, तिथे रांगेत उभं असताना सुचलं. माझ्याच मुलाचं रडत बसले आणि हे सुचायला तीन आठवडे लागले! तुमची सुई माझ्याकडे नव्हती. म्हणून माझी एक चांगली, न मोडलेली खोचली. तुमचं नाव माहीत नाही, म्हणून मनात 'घरमालकीण' म्हटलं.

कलश वीस मार्चला, वसंत संपाताच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता दगडाखाली ठेवतो आहोत. यजमानांनी तो काल कपाटावरून उतरवून फडक्याने पुसला, मुलगा लहान असताना त्याचं तोंड पुसायचे तसा, कानामागेसुद्धा. कलशाला कान असतात का? पण पुसले.

भटजींनी मरणानंतर त्याला दिलेलं नाव आहे शुन्को. वसंतातला उजेड. त्यातलं एक अक्षर त्याच्या स्वतःच्या नावातलं आहे. कोणतं ते सांगत नाही, नाहीतर हासेबेबाई काळं फासतील. पण हे नाव सरकारी दप्तरात नाही, तेव्हा त्यांच्या नियमात बसत नसावं. तुमच्या चर्चमध्ये प्रार्थना करताना नाव लागतं, असं ऐकून आहे.

वीस तारखेला अकरा वाजता दुसरं काही करू नका. एक ओहागी खा. अर्धा नाही, पुरा. सुई घ्यावी लागेल तर घ्या. आणि खाली पडू नका. तो तुमच्यापाशी नसताना तुम्हाला सांभाळणारं कोण आहे, या विचाराने मला आता दोरा ओवता येत नाही.

तेव्हा ती ओळ लिहीत राहा. पण आता त्याची नको. तुमची.

आई


२० मार्च २०२५

आई,

तुमचं पत्र आलं. त्यात एकही काळा डाग नव्हता. 'शुन्को'वरसुद्धा नाही. मी कागद उजेडाकडे धरून पाहिला. हासेबेबाईंनी पेन टेकवल्याची खूणही नाही.

आज सकाळी बहिणीने ओहागी केले. कोणासाठी ते विचारलं नाही. साडेदहाला मी सुई घेतली. पोटावर जिथे ती पिशवी होती, तिथे आता एक आडवी रेघ आहे. तिच्यापासून चार बोटं दूर टोचली. अकरा वाजता टेकडीवरच्या चर्चची घंटा झाली. बहीण माझ्याशेजारी गुडघे मोडून बसली. दोन वर्षं जी मला टोमणे मारत आली, तिने हात जोडले आणि विचारलं, "काय नाव म्हणालीस त्याचं?"

मी सांगितलं. तिने ते हळूच दोनदा म्हटलं, पाठ करायला.

"मीठ बरोबर आहे का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "कुणास ठाऊक. सांगणारा गेला." मग आम्ही दोघी खूप रडलो. ऑक्टोबरमधल्या त्या पत्राची क्षमा मागायला बसले होते, पण आता तो शब्द लिहिला तर तुम्ही रागावाल असं वाटतं. म्हणून लिहीत नाही.

ओहागी पुरा खाल्ला. बहीण यंत्र घेऊन समोर बसली आहे. दोन तास व्हायचे आहेत. तिला दर दहा मिनिटांनी मी बोललेलं ऐकायचं असतं, म्हणून हे पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवत लिहिते आहे. रताळ्याचा तो ठसा सुकून गेला, पण तिने तो फेकला नाही, खणात आहे. डिसेंबरात नवा कोरीन. पाकळ्या येईनात तर शिक्का वेडावाकडा येईल, यजमानांना आधीच सांगून ठेवा.

आज जिथे तो आहे, तिथे ऊन असेल अशी आशा करते.

हजेरी: हजर.